बोलकीचे हात

“सावकाश सांग त्यांना. मला काही घाई नाही,” बाई म्हणाल्या आणि मुलीच्या हातांकडे बघत राहिल्या.

हात भराभर चालत होते. बोटं मिटत होती, उघडत होती, एकदा कपाळाला लागली, एकदा छातीला. समोर बसलेला बाप पापणी न लववता ते पाहत होता. माणूस उंच, त्यामुळे नववीच्या बाकात गुडघे वर काढून अवघडून बसला होता. पालकसभेला आलेल्या आईबापांनी आपल्या मुलाच्या जागेवर बसायचं, अशी या शाळेची पद्धत होती. आपलं लेकरू फळा कुठून बघतं ते त्यांना कळावं, म्हणून बाईंनीच ती कधीतरी सुरू केली होती. बहुतेक बाक रिकामेच राहत. आज पुढच्या रांगेत एक आई तेवढी बसली होती आणि मुख्याध्यापकांना सांगत होती, “घरी सगळं घडाघडा म्हणतो हो! पेपरात काय होतं, देव जाणे.”

“देवाला पेपर तपासायला बसवू मग,” मुख्याध्यापक म्हणाले. त्या आईला हसू आलं आणि लगेच पदराने डोळेही पुसावे लागले.

बाई या शाळेत कच्च्या मुलांचा वर्ग घेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही येत राहिल्या होत्या, कारण दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं. खेळाच्या सामानाची जुनी खोली त्यांना मिळाली होती. शाळा सुटल्यावर मुलं तिथे बसत. सगळी शाळा त्या खोलीला दवाखाना म्हणायची. “काय रे, दवाखान्यातून घरी कधी सोडणार तुला?” असं एकमेकांना चिडवायची. बाई रागावत नसत. “दवाखान्यात यायला लाज कसली? आजार लपवायची लाज वाटली पाहिजे,” असं म्हणून खडू हातात घेत.

ही मुलगी गेल्या वर्षापासून दवाखान्यात येत होती. तिचे आईबाप दोघेही जन्मापासून मुके-बहिरे. बाप शिंपी, आई काजं-बटणं करायची. घरात बोलणारी ही एकटीच, म्हणून गल्लीत तिचं नाव पडलं होतं बोलकी. वर्गात मात्र ती तोंड उघडत नसे. सारखी गैरहजर असे. बापाला डॉक्टरकडे जायचं असलं की ही सोबत, वीज कंपनीच्या कचेरीत जायचं असलं की ही सोबत. धडे मागे पडत गेले. पण एकदा समजलं की मुलीच्या डोक्यातून ते जात नसे. बाईंनी हे पाहिलं होतं. गणितातली एखादी पायरी उलगडली की ती डोळे मिटून मान हलवायची, जणू कोणाला तरी आत सांगतेय. तेवढ्यासाठी बाई दवाखाना उघडा ठेवत.

दहावीत जायचं तर वर्ष संपेपर्यंत रोज संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. आणि पालकांनी समोर येऊन होकार दिल्याशिवाय शाळा कोणालाही एवढा उशीर थांबवून घेत नसे. मुक्यांची भाषा येणारा सरकारी माणूस सगळ्या जिल्ह्याला एकच. त्याला बोलावलं तर तो परीक्षा उलटून गेल्यावर आला असता.

“मुलगीच आहे की,” मुख्याध्यापक म्हणाले होते. “तिच्याइतकं कोणाला येणार?”

बाईंनाही ते पटलं होतं.

“त्यांना सांग,” आता बाई म्हणाल्या, “की तुमची मुलगी हुशार आहे. मागे पडली ती तिच्या चुकीने नाही. तिला रोज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू द्या. दहावी पास होईल, पुढेही शिकेल. याची जबाबदारी माझी.”

मुलगी क्षणभर थांबली. मग हात पुन्हा चालले.

बापाचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्याने मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत मुलीकडे. एक बोट वर करून काहीतरी विचारलं. मुलीने मान डोलावली. त्याबरोबर तो बाकातून धडपडत उठला. गुडघा आपटला, त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. मुलीच्या डोक्यावर त्याने दोन्ही हात ठेवले आणि घशातून एक आवाज काढला. तो आवाज ऐकून पुढच्या रांगेतली आई दचकली.

“काय म्हणतात गं?” बाईंनी विचारलं.

“खूश झालेत,” मुलगी खाली बघत म्हणाली. “तुमचे आभार मानतात.”

तो बाईंसमोर आला. हात जोडले. जोडता जोडता त्याची नजर त्यांच्या स्वेटरवर गेली. वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. त्याने कॉलरच्या आतून दोरा ओवलेली सुई काढली आणि परवानगीसाठी भुवया उंचावल्या. बाई हसल्या. त्याने तिथेच उभ्याउभ्या बटण टाचलं, दोरा दातांनी तोडला आणि ओढून पाहिलं.

“घ्या, फी मिळाली तुम्हाला,” मुख्याध्यापक म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. दवाखान्यात मुलं आली, बोलकी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी शिपाईमामांना विचारलं.

“तिने तर शाळा सोडली ना बाई. बापाला घेऊन आली, दाखला घेऊन गेली. बाप तर घरात लग्न असल्यासारखा हसत होता. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

“असं कसं सोडलं तुम्ही?” बाई मुख्याध्यापकांवर चिडल्या.

“पालकांचीच मर्जी, बाई. समोर उभं राहून मान हलवली त्यांनी. आता मी काय त्यांचे हात धरू?”

शाळा सुटल्यावर बाई दवाखान्यातल्या मुलांना घरी पाठवून शिंप्याच्या दुकानावर गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत दोन मशीन. एका मशीनवर बाप, मागे खाली बसून आई. पुढच्या फळीवर बोलकी, गळ्यात मापाची टेप. एका बाईला ती सांगत होती, “कमरेला एवढं घेतलं तर बसताना ताण येईल, ताई. थोडं सैलच ठेवू या. बाबा म्हणतात तसं.” आवाज स्वच्छ, ठाम. वर्गात कधी न ऐकलेला.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने बाईंना पाहिलं. गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागली.

“बाळ, काय सांगितलंस तू त्यांना त्या दिवशी?”

“सांगितलं की...” ती थांबली. “सांगितलं, की बाई म्हणतात, मुलीचं शिकून पूर्ण झालं. चांगलं शिकली. आता शाळेत यायची गरज नाही.”

“अगं! का पण?”

“खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला शाळेतच ठेवलं असतं. हट्टी आहेत फार.”

“मग? मी तेच तर म्हणत होते!”

मुलीने टेप फळीवर ठेवली. बाप आत शिवत होता, वर पाहत नव्हता.

“त्या सभेच्या थोडं आधी एक माणूस आला होता. कपडे तयार नाहीत म्हणून ओरडत होता. बाबांची पाठ त्याच्याकडे. त्याला वाटलं मुद्दाम बघत नाहीत. आत येऊन बाबांच्या थोबाडीत मारली, बाई. आईच्या देखत. बाबांना कळलंच नाही, कशाबद्दल मारतोय. मी आले तेव्हा ते नुसते गाल धरून बसले होते आणि मला विचारत होते, काय झालं, काय झालं?”

“तू कुठे होतीस?” बाईंनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं.

“दवाखान्यात,” मुलगी म्हणाली.

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. दुकानात कोणी मदतनीस ठेवता येईल. पाटी लावता येईल. वेळ बदलता येईल. एकेक गोष्ट मनात आली आणि प्रत्येकीला काहीतरी कमी पडलं. मदतनीसाशी बोलणार कोण? पाटी वाचतो कोण? गिऱ्हाईक तर दिवसभर येत राहायचं.

तरी त्या पुढे झाल्या. बापाने त्यांना पाहिलं, मशीन थांबवलं, घाईने उठून स्टूल पुसलं. बाईंनी मुलीकडे बोट दाखवलं. दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले. मग शाळेच्या दिशेने हात केला, पुन्हा पुन्हा केला. बाप लक्ष देऊन बघत होता. एकदम त्याला उमगलं. त्याने मुलीकडे बोट केलं, आपले तळवे पुस्तकासारखे उघडले आणि मिटले. मग छाती फुगवून अभिमानाने मान डोलावली. हो, शिकली. पूर्ण शिकली. तुम्ही शिकवलंत. त्याचे डोळे भरून आले होते.

“सांग गं त्यांना,” बाई म्हणाल्या. “तूच सांग. तुझ्याशिवाय मला कोणी नाही सांगायला.”

बोलकीचे हात फळीवर होते. ते तिथेच राहिले.

“बाई, त्यांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली.

बापाने पुढे होऊन स्वेटरचं बटण चिमटीत धरलं, ओढून पाहिलं. घट्ट होतं. त्याने अंगठा उंचावला.

बाई निघाल्या. वळणापाशी पोचल्यावर त्या थांबल्या. काहीतरी राहिलं होतं, काय ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी वळून पाहिलं. बाप, आई आणि मुलगी, तिघंही एकाच कापडावर वाकली होती. मशीन बंद होतं, रस्ताही शांत होता.

“बोलके!” बाईंनी मोठ्याने हाक मारली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची, तशी.

दुकानातून कोणीच वळून पाहिलं नाही.