मला हिरवा रंग दिला त्या दिवशी

मित्रांनो, मला ओळखलंत का? नाही ना? तुमचा काय दोष, माझ्याकडे कुणी धड बघतच नाही! मी एक जुनी लाल पेटी आहे. चाकणजवळच्या निघोजे गावात एक कारखाना आहे, तिथे मी राहते. इथे दुचाकीच्या ब्रेकची पेडलं तयार होतात. चांगला माल हिरव्या पेटीत जातो. ज्याला चीर गेली, जे वाकडं निघालं, ते माझ्या पोटात येतं.

माझा जन्मही इथलाच. दत्तोबांनी उरलेल्या पत्र्याचे तुकडे जोडून मला घडवलं, लाल रंग दिला आणि जमिनीवर पिवळे पट्टे ओढून माझी जागा आखून दिली. तेव्हा ते साधे वेल्डर होते, आता सुपरवायझर आहेत. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांना म्हणाले होते, "ही आपली खरी दोस्त. हिच्यापास्नं काय लपवायचं न्हाई." ते ऐकून मी केवढी फुगले होते!

पण आपली चूक चारचौघांत दाखवायला कुणाला आवडतं? लोक खराब पेडल घेऊन चोरपावलांनी यायचे. इकडेतिकडे बघायचे आणि आवाज न करता अलगद ठेवून पळायचे. एकटी निशिगंधा तेवढी वेगळी. माल तपासायच्या कामावरची ही मुलगी तळेगावहून दुचाकीवर यायची. अजून ती कायम झालेली नव्हती. तरी खराब पेडल हाती लागलं की लांबूनच म्हणायची, "घे गं बाई!" आणि ठण्ण! मला तो आवाज फार आवडायचा.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका नव्या मोठ्या कामासाठी पाहुणे कारखाना बघायला येणार होते. सकाळीच निशिगंधाने तीन चिरलेली पेडलं माझ्यात टाकली होती. पाहुण्यांना खराब माल दिसला तर? दत्तोबा ब्रश घेऊन आले आणि मला बाहेरून हिरवंगार करून टाकलं. आतली पेडलं तशीच. "आजचा दिवस सांभाळून घे," असं माझ्या कानाशी पुटपुटले. काय सांगू, मला इतकी लाज वाटली! म्हातारपणी नवरीचा हिरवा शालू! पण पेटीला तोंड असून बोलता येतं थोडंच?

थोड्या वेळाने रोहिदास आला. हिरव्या पेट्या पॅकिंगला नेणं हे त्याचं काम. त्याने मला उचललं, पेडलं चांगल्या मालात ओतली आणि मला जागेवर आणून ठेवलं. खोकी बंद होऊन ट्रकमध्ये चढली.

तेवढ्यात निशिगंधा चौथं खराब पेडल घेऊन आली. "अगं बाई, लाल पेटी कुठाय? आणि तिच्या जागी ही रिकामी हिरवी कशी?" समोरून रोहिदास चालला होता. हात हिरवे, शर्ट हिरवा.

"रोहिदासभाऊ, रंगपंचमी खेळून आलात काय?"

"कसली रंगपंचमी, ताई! ह्या पेटीचा रंग ओला व्हता. माल पॅकिंगला ओतला, तर हे झालं बघा!"

निशिगंधाचं हसू मावळलं. ती धावत दत्तोबांकडे गेली. "काका, तीन चिरलेली पेडलं ट्रकमध्ये गेलीत."

दत्तोबांनी आवाज खाली आणला. "गप, पोरी. पाहुणे हायेत. आलेलं काम हातचं जाईल. आन् तुझं कायम व्हणं माझ्याच सहीवर हाय, इसरू नगंस."

"मग नका करू सही! पण काका, ऐन घाटात कुणीतरी त्या पेडलवर पाय देणार आहे. ट्रक थांबवा."

दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. मग डोकं पांढरं झालेला तो माणूस पोट सावरत फाटकाकडे पळत सुटला. "थांबवा रं! ट्रक सोडू नका!"

आरडाओरडा ऐकून पाहुणे बाहेर आले. त्यांच्या प्रमुख होत्या मैत्री मॅडम. दत्तोबा त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले. "म्याडम, लाल पेटी म्याच हिरवी केली. खराब माल चांगल्यात गेला. ह्या पोरीनं धरला म्हणून बरं."

मैत्री मॅडमनी माझ्या काठावर हात ठेवला. तळवा हिरवा! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या हसल्या. "लाल पेटी दिसेना, तेव्हाच मला शंका आली होती. काहीच बिघडत नाही असा कारखाना मी अजून पाहिला नाही. आधी ती पेडलं शोधा, कामाचं मग बोलू."

मग काय, मालकांपासून शिपायापर्यंत सगळे खोकी फोडायला बसले. मॅडमनीही बाह्या सरसावल्या. शेवटचं पेडल रोहिदासला सापडलं, तर पठ्ठ्या तिथेच नाचला! नवं काम मिळालं, पण निम्मंच. बाकीचं म्हणे वर्षभर बघून. निशिगंधाच्या कागदावर दत्तोबांनी दुसऱ्याच दिवशी सही केली. बोटं अजून हिरवीच होती.

माझा हिरवा रंग त्यांनी स्वतः घासून काढला आणि मला पुन्हा लाल केलं. त्याच आठवड्यात मशीन लावून दाखवताना त्यांच्या हातून एक पेडल चिरलं. सगळे टकामका बघत होते. दत्तोबा ते पेडल उंच धरून माझ्याकडे आले. "माझं हाय," म्हणाले आणि वरूनच सोडलं. ठण्ण! अहाहा, सगळा कारखाना दणाणला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठेतरी कामाला लागाल. तिथे माझ्यासारखी एखादी असेलच. तिला रंगवू नका हो, लाल राहू द्या. आणि चूक झाली तर चोरपावलांनी येऊ नका. चांगली वाजवून टाका!