अंगणातलं मातीचं गाव

ठाण्यातल्या नौपाड्याहून येणारी मास्तरीण. पांढरं पातळ, पायात चपला, आणि प्रश्न? बघा तिचे प्रश्न! "मुलांनो, तुमच्या शेताच्या वर काय आहे, खाली काय आहे, पाणी कुठून येतं, घरी विचारून या." आता मला सांगा, ठाण्याच्या बाईला माझ्या शेतातल्या पाण्याची काय पडलीय?

मी रखमाबाई. मानपाड्याच्या अलीकडं आमची वस्ती. टेकडीखाली कल्याणच्या मालकाचं भाताचं खाचर, नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटी कसत होते. कागदावर माझं नाव कुठंच नाही. छप्पन साल ते. कसेल त्याची जमीन, असा कायदा आलेला, आणि तेव्हापासून मालकाचा कारकून माझ्याशी लई गोड बोलायला लागलेला. गोड बोलणाऱ्याची मला धास्तीच. त्यात ही बाई उगवली.

माझी शीला तिसरीत. एका संध्याकाळी विचारते, "आये, आपलं शेत उतारावर आहे का खोलगट जागी? बाई शाळेच्या अंगणात मातीचं गाव करून घेणार आहेत. टेकडी, खाडी, बेट, सगळं."

"कशाला?"

"भूगोलाला."

"भूगोलाला म्हणे! अगं, मालकानंच पाठवली असणार तिला. कोण कुठवर कसतं, ते पोरांच्या तोंडून काढून घेतेय, म्हणजे आम्हाला हुसकायला तो मोकळा. तिला सांग, आमच्यात नुसता खडक आहे, गवतसुद्धा येत नाही."

शीलाचं तोंड एवढंसं झालं. "खोटं सांगू?"

"मी सांगते ते सांगायचं."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझं तोंड! धोंडीबा कसायचा तेही मालकाचंच खाचर, माझ्या बांधाला लागून. साधा माणूस, माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही. त्याला जाऊन बजावलं, "कागदवाल्यांना खरं सांगायचं नाही. कोणी का विचारीना." मग घरोघर जाऊन हेच सांगितलं.

चार दिवसांनी शाळेत डोकावले. काय केलेलं पोरांनी! गुडघ्याएवढी टेकडी, खाडीला नीळ घातलेली, मधल्या बेटावर दूर्वा खोचलेल्या. आणि टेकडीखाली, जिथं आमची शेतं, तिथं नुसते खडे.

बाई हनुवटीला हात लावून उभ्या. "रखमाबाई, टेकडीचं पाणी इथं खाली येऊन साचतं. मग इथं भात हवं. खडक कसा?"

"देवाची करणी," मी म्हटलं. मनात म्हटलं, कशी खोदून विचारते बघ! फसवली की नाही?

आठवड्यानं तलाठी आला, पीकपाहणीला. खरं तर त्यानं बांधाबांधानं फिरून कोण काय पिकवतो ते लिहायचं. पण ऊन लागत होतं. दप्तर घेऊन शाळेच्या ओट्यावर बसला, शेजारी मालकाचा कारकून. आम्ही सगळे अंगणात उभे.

कारकुनानं मातीच्या गावाकडं बोट केलं. "भाऊसाहेब, कशाला उन्हात हिंडता? पोरांनी घरी विचारून केलंय हे. टेकडीखाली सगळं पडीक."

तलाठ्यानं हसत टाक उचलला. पडीक लिहिलं म्हणजे कसणारं कोणी नाही. कसणारं नाही, तर कायद्यानं मला मिळणार काय, माती?

"थांबा भाऊसाहेब! खोटं आहे ते. ते शेत मी कसते!"

"असं?" कारकून म्हणाला. "हिच्याच पोरीला विचारा की."

बाईंनी शीलाला पुढं बोलावलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आये, खरं सांगू, का तू सांगितलेलं?"

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खरं सांग गं, बये."

शीला खाली बसली. एकेक खडा उचलून बाजूला ठेवला. "पाणी टेकडीवरून असं येतं. या खोलगट जागी थांबतं. इथं आमचं भात. हा बांध. फुटला की आये आणि मी माती घालतो."

बाई तलाठ्याला म्हणाल्या, "शेत पाच मिनिटांवर आहे. चला, मुलं दाखवतील."

आता नाही कसं म्हणणार? निघाला. माझ्या खाचरात भाताची धसकटं अजून तशीच उभी. बांधावर नवी माती. त्यानं लिहिलं, कसणारी रखमाबाई. मी बाईंचे हात धरून रडले. या बाईवर मी संशय घेतलेला.

मग तो पुढच्या खाचराकडं वळला. तिथंही धसकटं. धोंडीबा बांधावर उभा होता.

"हे कोण कसतं?"

"मालकाचं आहे," धोंडीबा म्हणाला. "मी नाही कसत."

"अरे धोंडीबा! भाऊसाहेब, हाच कसतो, बारा वर्षं कसतोय!"

"बाई, तो स्वतः नाही म्हणतोय," तलाठी म्हणाला आणि मालकाचं नाव लिहून मोकळा झाला. कारकून हसत होता.

मी धावत जाऊन धोंडीबाचा दंड धरला. "वेड्या, खरं का नाही सांगितलंस?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं, माझ्या कानाशी आला.

"तूच म्हणालेलीस ना, रखमे, कागदवाल्याला खरं सांगायचं नाही. तू फिरलीस. मी नाही फिरलो."