तिसऱ्या डेस्कटॉपवरचं अर्धं वाक्य

मी एक जुना डेस्कटॉप आहे. पण मित्रांनो, मला शोधायला टेबलाखाली वाकू नका. मी आभासी, मला ना लाकूड, ना लोखंड. ताईंच्या लॅपटॉपच्या एकाच पडद्यावर आम्ही तिघे भाऊ नांदतो. बटण दाबलं की एक जातो, दुसरा येतो. एकमेकांच्या कामात नाक म्हणून खुपसत नाही!

आमच्याआधी नुसता गोंधळ होता. ताई औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तयार करतात. एकदा खोकल्याच्या लेबलाऐवजी भाच्याच्या वाढदिवसाचं आमंत्रण कंपनीला गेलं. "आता बास!" म्हणत त्यांनी आम्हाला जन्माला घातलं. पहिल्यावर लेबलं, दुसऱ्यावर घरचे कागद आणि माझ्यावर बाबांच्या आठवणी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते सांगत, ताई टाइप करत. "तुझा तिसरा भारी आहे गं," बाबा म्हणायचे. मी फुशारून जायचो. का नाही जाणार?

एके दिवशी बाबा अगदी रंगात आले होते. ताईंनी लिहिलं, 'लिफ्ट अडकली. आत तुझी आई. मी वरून ओरडलो,' आणि तेवढ्यात कंपनीचा फोन आला. "बाबा, एक मिनिट हं!" ते मिनिट पाच आठवडे चाललं. मी नजरेआड झालो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मधल्या काळात बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहील, अशी खात्री डॉक्टर देईनात. ताईंची हॉस्पिटलच्या कागदांची सगळी धावपळ दुसऱ्या डेस्कटॉपवर चालली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईंचा धाकटा भाऊ आला. "ताई, किती रखडतोय हा लॅपटॉप! तिसरा कशाला हवाय?" असं म्हणून त्यानं मलाच बंद केलं. पण आम्ही गेलो तरी उघड्या फाइलची खिडकी वाऱ्यावर सोडत नाही, शेजारच्या भावाकडे सोपवून जातो. बाबांचं अर्धं वाक्य हॉस्पिटलच्या कागदांवर जाऊन बसलं.

ताईंनी ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. लॅपटॉप उचलून त्या तशाच बाबांच्या खोलीत गेल्या.

"बाबा, मग काय ओरडलात?"

"आठवण झाली का बाईसाहेबांना?" बाबा घोगऱ्या आवाजात हसले. "ओरडलो, घाबरू नका, लिफ्ट हलवायचं चाक माझ्या हातात आहे! तर तुझी आई आतून म्हणते, मग फिरवा की, बघताय काय?"

ताई हसता हसता रडल्या, पण एक शब्द गाळला नाही. मग एका बटणात त्यांनी मला पुन्हा उभं केलं. आम्हाला कसलं आलंय मरण!

मित्रांनो, कामं खुशाल वेगवेगळी मांडा. त्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण नीट ठेवलं म्हणजे सांभाळलं, असं नव्हे. तुमचं माणूस बोलता बोलता जिथे थांबलंय, तिथे आजच जा. फोन काय, परत येतो.