मीटरवरचे बावन्न मैल

हैदराबादेत आबिड्सवर टायरच्या दुकानाबाहेर उर्दूत लिहिलेला कागद चिकटवला होता. स्टेशन वॅगन, १९३८ चं मॉडेल, लाकडी बॉडी, उत्तम स्थितीत, विकणे आहे. खाली नामपल्लीमागच्या एका नवाबाच्या देवडीचा, म्हणजे हवेलीचा, पत्ता. मी तो दोनदा वाचला. त्या देवडीची गाडी माझे बाबा चालवत असत, आणि १९४८ च्या सप्टेंबरात ते त्याच गाडीत बसून गेले ते परत आले नव्हते. आम्हाला सांगण्यात आलं होतं की गाडीही गेली आणि ड्रायव्हरही.

त्या दिवशी शनिवार होता, ६ ऑक्टोबर १९५६. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य संपणार होतं. माझा थोरला भाऊ केशवदादा पाटबंधारे खात्यात कारकून. त्याचं नाव मुंबई राज्याच्या यादीत आलं होतं आणि बदली औरंगाबादला. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, मला तिकडे शाळेत नोकरी मिळण्यासारखी होती. प्रश्न फक्त आईचा होता. आठ वर्षं ती म्हणत होती, हे परत आले आणि आपल्या काचीगुड्याच्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप दिसलं तर? गेल्या महिन्यात कशीबशी ती तयार झाली होती. तिकिटं काढून झाली होती.

मी घरी न सांगता देवडीवर गेले.

दलाल होता, बंद गळ्याच्या कोटातला, घाईतला माणूस. त्याने गॅरेजची दारं ओढली आणि गाडीवरची चादर काढली. गाडी विटांवर चढवलेली होती, चाकं जमिनीपासून चार बोटं वर. मडगार्ड काळेभोर, दारांच्या लाकडी चौकटींवर व्हार्निश, आत तीन रांगांची कातडी बैठक, कुठेही न उसवलेली. अठरा वर्षांची वस्तू इतकी जशीच्या तशी बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण आत डोकं घातलं तेव्हा एक वास आला, पेट्रोल, जुनं कातडं आणि तंबाखू यांचा, आणि मी पटकन डोकं बाहेर काढलं.

"बघा, बघा," दलाल म्हणाला. "बाई लोकांनी गाडी बघायला यावं असे दिवस आले."

"कोण चालवायचं ही?"

"मला काय माहीत? मी विकायला आलोय. राखणदार यासीनमियाँ गुलबर्ग्याला गेलाय. पुढच्या रविवारी, दसऱ्याला येईल, त्याला विचारा."

मी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनामागच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेल्या ओळी होत्या. तारीख आणि पुढे मैल. बाबा दर हजार मैलांनी तेल बदलत आणि तिथेच नोंद करत. वहीवर त्यांचा विश्वास नव्हता, वही कोणीही उचलतो म्हणत. देवडीतले बाकी सगळे उर्दू आकडे लिहीत, मराठी आकडे एकटे बाबाच. त्यांच्या पाचाची शेपटी लांब असे, ती मी कुठेही ओळखली असती. वरच्या ओळी गंजाने खाल्ल्या होत्या. वाचता येत होत्या त्या ५४, ५५, ५६ सालच्या. शेवटची: १९-२-५६, आणि समोर ३८,४१०. त्याखाली काळ्या तेलकट मळीचा थर होता.

म्हणजे या फेब्रुवारीपर्यंत बाबा इथे होते. नामपल्लीत. आमच्या घरापासून दोन मैलांवर.

मी वही काढून सगळं उतरवून घेतलं. मीटर बघितला, ४१,३६२, तेही लिहिलं. मग चालत घरी आले. बसमध्ये बसायचं सुचलं नाही.

आई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं नाही, तिचे हात फक्त थांबले.

"अक्षर त्यांचंच?"

"आकडे आहेत. त्यांचेच."

"जिवंत होते," ती म्हणाली. "जिवंत होते, आणि काचीगुड्याला आले नाहीत."

केशवदादा संध्याकाळी आला आणि माझ्यावरच उखडला. "तारे, तू तिथे गेलीस कशाला? चाललंय ते चालू दे ना."

"खोटं चालू द्यायचं?"

"तीन आठवड्यांनी औरंगाबादच्या गाडीत बसायचंय आपल्याला."

"तुम्ही बसा," आई आतून म्हणाली. "मी येत नाही. मला ह्यांना समोर उभं करून विचारायचंय. मग मेले तरी चालेल."

पुढचे चार दिवस आई बोलत होती, पण आमच्याशी नाही. भांडी घासताना, चूल सारवताना ती बाबांना बोलायची. आठ वर्षांत तिच्या तोंडून त्यांच्याबद्दल वावगा शब्द मी ऐकला नव्हता. बाबा गेले तेव्हा गल्लीत लोक म्हणत, देवडीचे हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीबरोबर पळाला, मुन्शीकडे पैशांची पेटी होती म्हणे. आईने त्या लोकांच्या घरचं पाणी सोडलं होतं. आता ती स्वतःच म्हणत होती, "त्यांचं खरं होतं. मीच वेडी."

मला झोप येईना, पण कारण वेगळं होतं. आकडे जुळत नव्हते. शेवटची नोंद ३८,४१० आणि मीटर ४१,३६२. मध्ये जवळजवळ तीन हजार मैल आणि तेल एकदाही बदललं नाही? बाबांनी असं केलं नसतं. बुधवारी मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन पुन्हा देवडीवर गेले.

"विकत घेणार आहात की धुणार आहात?" दलालाने विचारलं.

मी मळी पुसत गेले. खालून एक ओळ निघाली, ३९,४०५. मग ४०,३९०. मग सगळ्यात खाली, अगदी कोपऱ्यात, ४१,३१०. मी हिशेब केला. साधारण हजार हजार मैल. मला हायसं वाटलं आणि मग मी तारखेकडे पाहिलं.

३-११-५७.

मी पुन्हा रॉकेल लावून पुसलं. सातच होता. बाबांचाच सात. आज ऑक्टोबर ५६ चालू होता आणि माझ्या वडिलांनी पुढच्या नोव्हेंबरात तेल बदललं होतं. त्या कातड्याच्या बैठकीकडे बघायचा मला धीर होईना. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही ठेवत नव्हते. मी बॉनेट न लावताच निघाले.

घरी मी आईला ओळ वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नाही. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, "महिना कितवा म्हणालीस?"

"अकरावा."

ती बोटांवर मोजू लागली. "आजूर, दै, बहमन..." मोजत मोजत ती अकराव्या नावावर थांबली. "मेहेर. मेहेरचा पगार आणला होता ह्यांनी. आबानचा आणला नाही."

मग मला कळलं. निजामी सरकारचा सगळा कारभार फसली सालाने चाले. पगार, शाळा, कोर्ट, सगळं. बाबांनी लिहिलेले सत्तावन्न म्हणजे तेराशे सत्तावन्न फसली. म्हणजेच १९४८, आणि त्याचा अकरावा महिना मेहेर म्हणजे ऑगस्ट. मी स्वतः सातवीपर्यंत शाळेत फसली तारीख घातली होती. आठ वर्षांत इतकी पुसून गेली की ५६ बघून दुसरा विचारच मनात आला नाही. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी बजावतात, आकड्यापुढे एकक लिहा, नाहीतर आकडा लिहू नका. मी एकक न बघता आकडा घरी आणला होता.

"म्हणजे काही बदललं नाही," मी म्हणाले. "आई, माझी चूक झाली. बाबा तेव्हाच..."

"बदललं," आई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपत होती. "चार दिवस मी मानलं, की हा माणूस मला टाकून गेला. शिव्या घातल्या. आता ते मनातून काढू कसं? आधी मला ठाऊक होतं, ते पळाले नाहीत. आता ठाऊक नाही."

तिने तवा खाली उतरवला आणि म्हणाली, "तो राखणदार कधी येतोय?"

रविवारी दसरा होता. रस्त्यावर रिक्षांना, बसना झेंडूच्या माळा होत्या. आई माझ्याबरोबर पहिल्यांदा त्या देवडीच्या आत आली.

यासीनमियाँ सत्तरीचे असतील. आईने नाव सांगताच त्यांनी खाट झटकून दिली. आई बसली नाही.

"भाभी, हणमंतराव के जैसा हाथ किसी का नै था," ते म्हणाले. "वो साल पेट्रोल इच नै था शहर में. तेल बदल के गाडी खडी कर दिए. बोले, जब हुकम होगा तब चलेगी. सवा महिना हिली नै."

"मग?" आई म्हणाली.

"मुन्शीजी आए एक दिन, पेटी ले के. कहीं से दो डब्बे पेट्रोल लाए. हणमंतराव को बोले, चलो. बीदर की सडक पे गए. उसके बाद फौज आई." त्यांनी गॅरेजकडे बोट केलं. "महिने भर बाद उधर के गाँव के पटेल का आदमी आया, बोला गाडी उन्नीसवें मील पे झाड के नीचे खडी है. मैं बैल ले के गया, खींच के लाया. तब से ईंटों पे है. इंजन चालू करतौं, चलाता नै. नवाबसाब किसी को बोलने से मना किए थे, भाभी. मेरे को माफ करो."

"मुन्शी?"

"मिले नै. दोनों नै मिले. लोगां बोले, गाडी छोड के साथ में भागे."

आई गाडीकडे गेली. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या फळीवर तिने हात ठेवला. ती फळी नवी होती. बाकीच्या तीन दारांचं लाकूड गडद, रेषा उभ्या. हिच्या रेषा आडव्या आणि व्हार्निश पिवळट.

"ही वेगळी का?"

"बारिश में सड गई थी," यासीनमियाँ म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

पाऊस चारही दारांवर पडला असणार, एकाच दारावर नाही. फौजेच्या दिवसांत दाराला भोकं कशाने पडतात ते मला ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. आईने हात काढला नाही, आणि मला वाटतं, त्या फळीबद्दल तिने विचारायचं तेवढं विचारलं होतं.

"गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं?" तिने विचारलं. "शहराकडे की पलीकडे?"

"वो कैसे बोलूं, भाभी. गाववाले धकेल के झाड के नीचे लाए थे. किधर भी हो सकता."

तेवढ्यात माझ्या डोक्यात आकडे फिरले. मी वही काढली, यावेळी एकक बघून.

"यासीनमियाँ, तेल बदलल्यावर गाडी तेवढी एकदाच गेली? नक्की?"

"एक इच दफा. कुरान की कसम."

"आई, ऐक." मी वहीवर बोट ठेवलं. "तेल बदललं तेव्हा मीटर ४१,३१०. आज ४१,३६२. बावन्न मैल. चाक फिरलं की मीटर फिरतो, बैलांनी ओढली तरी. गाडी एकोणिसाव्या मैलापर्यंतच गेली असती आणि तिथून ओढून आणली असती, तर अडतीस मैल झाले असते. चौदा जास्त आहेत. सात जाऊन, सात येऊन. बाबा सव्विसाव्या मैलापर्यंत गेले होते. मुन्शीला तिथे सोडलं असेल. मग गाडी वळवली."

"वळवली?"

"हो. पळणारा माणूस पुढे जातो. ते सात मैल मागे आले होते. घराकडे."

आईने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग तिने मागचं दार उघडलं आणि आत बसली, साडी सावरून, दोन्ही हात मांडीवर. पुढची ड्रायव्हरची जागा रिकामी होती. ती तिकडे बघत बसली. यासीनमियाँनी टोपी काढून पुन्हा घातली.

दलाल आत आला. "काय बाई, पसंत आहे ना? घ्यायची की नाही ते सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

आई खाली उतरली आणि तिने दार हलकेच लावलं.

"नको," ती म्हणाली. "आम्हाला औरंगाबादला जायचंय. बांधाबांध राहिलीय अजून."