पेलाभर खोटा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. गावातली माणसं मला पावसाचं डबडं म्हणतात. वर नरसाळं, आत बाटली, एवढाच माझा संसार. कारखान्यातून नवा कोरा निघालो तेव्हा वाटलं होतं, आता धो धो पाऊस पोटात घेऊ. आणून बसवलं ते डोंगराच्या या अंगाला! समुद्राकडून आलेले ढग डोंगर चढताना पलीकडेच रिते होतात आणि आमच्याकडे उतरते ती नुसती कोरडी हवा.

माझी निगा वेधशाळेतल्या काकांकडे होती. रोज सकाळी साडेआठला ते बाटली बघत आणि वहीत बहुतेक वेळा शून्य लिहीत. गाव त्यांना 'ढगोबा' म्हणून चिडवी. जणू पाऊस त्यांनीच खिशात लपवला होता!

एकदा वरून पत्र आलं. वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडणारी गावं वाळवंट म्हणून नकाशात दाखवायची होती. काका बिथरले.

"वाळवंट? इथे मूठभर वाळू तरी आहे का?" ते काकूंना म्हणाले.

जन्मभर पाऊस मोजणारा माणूस एका शब्दाला फसला. वाळवंट वाळूने होत नाही, मित्रांनो, पाऊस नसल्याने होतं. ते दगडाचं असतं, बर्फाचंसुद्धा असतं. पण डबड्याला कोण विचारतो?

त्या वर्षीची बेरीज दोनशे छत्तीस भरली होती. शेवटची भुरभुर झाली त्या सकाळी काकांनी घरातल्या हंड्यातून पेलाभर पाणी आणलं आणि माझ्यात ओतलं. तो हंडा काकू दीड कोस चालून भरून आणत. वीस मिलिमीटर वाढले. "गावाची अब्रू राहिली," असं पुटपुटत त्यांनी वहीत आकडा लिहिला. मला भयंकर लाज वाटली.

दोन वर्षांनी डोंगरापलीकडच्या तलावाचं पाणी नळाने आलं. नकाशात वाळवंट म्हणून दाखवलेल्या सगळ्या गावांना मिळालं, आम्हाला नाही. काकू कचेरीत विचारायला गेल्या. तुमच्याकडे सहा मिलिमीटर पाऊस जास्त पडतो, असं उत्तर मिळालं. घरी काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माझ्याच हंड्यातलं ना?" काकूंनी विचारलं. मग तोच हंडा घेऊन त्या पाण्याला निघाल्या.

काकांनी कचेरीत जाऊन चूक कबूल केली, पण नळ टाकून झाले होते. एकेका घराला कुलूप लागलं. आता वेधशाळाही बंद आहे. माझा पत्रा गंजला, नरसाळ्यात कोळ्याने जाळं विणलं. मला रंग नको, कौतुकही नको. आभाळातून माझ्या पोटात पडेल तेवढंच लिहा, एवढंच मागणं आहे.

काका अजून साडेआठला येतात. वही नाही, पगार नाही. जाळं काढतात, बाटली उजेडात धरतात आणि मोठ्याने म्हणतात, "शून्य." लिहून घ्यायला कुणीच नसतं.