काविळीचा उतारा

नाव विचारल्यावर म्हाताऱ्यानं "ज्ञानू" असं सांगितलं, पण आवाज ऐकताच रत्नानं त्याला ओळखलं. तो कोंडिबा होता. पासलीच्या पलीकडच्या वाडीत दर रविवारी कावीळ उतरवणारा. त्याच्या अंगणात भोरपासूनची माणसं येऊन बसत. आणि आज तोच, रत्ना काम करायची त्या भोरच्या लॅबमध्ये, कान-तोंड मफलरात गुंडाळून, बायकोच्या आडोशाला बसला होता. डोळे मात्र गुंडाळता येत नाहीत. ते पिवळेजर्द होते.

रत्नाच्या तोंडावर मास्क होता. त्यानं तिला ओळखलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ अमृत त्याच अंगणात पाच रविवार बसला होता. कोंडिबा त्याच्या हातांना कसलासा रस चोळायचा, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचा आणि पाणी पिवळंधमक व्हायचं. "बघा, उतरतीया!" अमृतला शौचाला शाडूच्या मातीसारखं पांढरं व्हायला लागलं तेव्हा आई घाबरली. कोंडिबा म्हणाला, "ह्यो तर गुण हाय. पिवळं समदं निगून गेलं, म्हून पांढरं."

रत्ना तेव्हा पुण्यात लॅबचा कोर्स करत होती. फोनवर ती रडली, ओरडली, पण घरच्यांना कोंडिबाचा शब्द मोठा वाटला. मग अमृतला हुडहुडी भरून ताप आला. ससूनला पोचेस्तोवर विष रक्तात भिनलं होतं; तो वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. महिनाभर आधी आणलं असतं तर खडा तासाभरात निघाला असता.

कोंडिबाची लघवी काळ्या चहासारखी होती. बाटली हलवली तर फेससुद्धा पिवळा. बिलिरुबिनचा, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या द्रव्याचा, रंग पट्टीवर भसकन चढला. मग रत्नानं युरोबिलिनोजेनची तपासणी लावली. पित्त आतड्यात उतरलं की बिलिरुबिन फुटून हे तयार होतं. त्याच्यापासूनच शौचाला रंग येतो आणि थोडं लघवीतून बाहेर पडतं. रसायनाचे थेंब टाकल्यावर निदान फिकट गुलाबी झाक तरी यायला हवी. तिनं पाच मिनिटं वाट पाहिली. नंतर पुन्हा करून पाहिली. झाक नाहीच. पित्ताचा एक थेंबही आतड्यात पोचत नव्हता; अमृतसारखीच नळी अडली होती. रक्तातलं बिलिरुबिन एकच्या आत असावं, ते सोळा होतं.

खोटा रिपोर्ट लिहायचं तिच्या मनात येऊन गेलं. पण खोटं सांगणं हा कोंडिबाचा धंदा होता, तिचा नव्हता. लॅबच्या डॉक्टर मालिनी मॅडमनी सही केली, "लगेच फोन करून पुण्याला पाठव" म्हणाल्या. रत्नानं फोन केला नाही; रिपोर्टचं पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं. गुरुवार होता.

शुक्रवारी कोंडिबाच्या बायकोचा, ठकुबाईचा फोन आला. "ताई, रिपोट?"

"झाला नाही."

"त्यास्नी लई खाज सुटलीया. रगत निघंस्तोवर खाजवत्यात."

"रविवारी घेऊन येते मी. घरी."

रविवारी ती कोंडिबाच्या वाडीला जायला वेल्ह्याच्या एसटीत बसली. अंगणात पंधरा-वीस माणसं होती आणि कोंडिबा, स्वतःचे डोळे खाली घालून, एका लेकुरवाळीच्या हातांना रस चोळत होता. रत्नानं त्याच्या पुढ्यातली वाटी उचलली, रस आपल्या हातांना फासला आणि हात निवळीत बुडवले. पाणी पिवळं झालं.

"मला कावीळ नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग मास्क काढला. "ओळखलंत? अमृतची बहीण."

कोंडिबानं लेकुरवाळीचे हात सोडले. "पोरी, हितं नगं..."

"हितंच. तुमाला शौचाला कसं होतंय, सांगा."

ठकुबाईच म्हणाली, "पांढरं."

"मग गुण आलाय की! भोरला मफलर बांधून कशाला आला होता?"

ठकुबाईनं रिपोर्टसाठी रत्नाचे पाय धरले. रत्नानं पर्स काखेत घट्ट धरली आणि कोंडिबाकडे बघत राहिली.

"आंब्याच्या सालीचा रस हाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"आंब्याच्या सालीचा रस हाय! कुनाचीबी कावीळ म्या कदी उतरवली न्हाई!"

तेव्हा कुठं तिनं पाकीट काढलं. "आजच्या आज पुण्याला न्या. थांबू नका." त्याला तोवर हुडहुडी भरली होती. रांगेतल्याच एकानं टेम्पो काढला.

खडा निघाला. कोंडिबा जगला. अंगणात पुन्हा कुणी बसलं नाही.

मॅडमना सगळं कळलंच. त्यांनी तिला समोर बसवलं. "तीन दिवस रिपोर्ट दाबून ठेवलास. तो मेला असता तर?"

"तिन्ही दिवस तोच विचार करत होते, मॅडम. बरं वाटत होतं."

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

रत्नानं कोट काढून खुंटीला अडकवला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. स्टँडवर आल्यावर तिला कडकडून भूक लागली. तिनं दोन वडापाव घेतले आणि घरी जायची उत्रोलीची गाडी लागेपर्यंत उभ्या-उभ्याच खाल्ले.