बांधावरचा शेवटचा तरवड

मित्रांनो, मी बेंबळीच्या शिवारातला एक जुना तरवड आहे. मला कुणी लावलं नाही की कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी मी बारमाही हिरवा! माझ्या पूर्वजांच्या सालीनं कातडी कमावून विहिरीचं पाणी उपसायच्या मोटा शिवत असत. मोटा गेल्या, सालीला कुणी विचारेना. पण नवरात्रात मात्र माझा भाव वधारे. समोरच्या वस्तीवरच्या सिताबाई माझ्या पिवळ्या फुलांची माळ घटाला घालत आणि उरलेल्या फुलांचा चहा करून पीत.

यंदा त्यांच्या मुलानं, भागवतनं, ट्रॅक्टरच्या वाटेसाठी जेसीबी लावून बांध साफ केला. माझे सगळे सोबती गेले. कोपऱ्यातल्या मोठ्या दगडाआड मी तेवढा उरलो.

घट बसले. सिताबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून भागवत फुलं आणायला निघाला. माझ्या अगदी शेजारून तो गेला आणि परतला तो कुणाच्या तरी कुंपणावरची पिवळी बिट्टी घेऊन. बिट्टी विषारी असते. मला ओरडता येत नव्हतं. अंगणातल्या चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं.

मोतीबिंदूमुळे सिताबाईंना धड दिसत नाही. त्यांनी डहाळीवरचं एक फूल खुडलं आणि बोटं चोळली.

"भागवत, तरवडाला कवा चीक आलाय रं? ही बिट्टी हाय. इख हाय."

"पिवळीच हायेत की, माय."

"तरवडाच्या एका काडीला दोन्ही अंगानं बारकी पानं असत्यात, चिंचंवानी. बिट्टीचं पान लांबडं, अन् मोडलं की दूध गळतंय. आपल्या बांधावरचा तरवड कुठं गेला?"

"त्यो व्हय? बिनकामाचं झुडूप समजून काढला म्या."

 सिताबाईंनी चहाचं पाणी ओतून दिलं.

थोड्या वेळानं भागवत उरलासुरला तरवड शोधत माझ्यापाशी आला. त्यानं माझं पान नीट पाहिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यानं कळीसुद्धा न ठेवता मला ओरबाडलं. सिताबाई निम्मी फुलं शेंगांसाठी झाडावरच राखत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. मला ओळखायला जरूर शिका. आणि ओळखलंत, तर माझ्या बियांपुरती फुलं माझ्याकडे राहू द्या.